पहिल्या प्रयत्नात

डॉक्टर दाबके पेशंटच्या गुडघ्यावर हातोडी मारण्याआधी त्याला आपल्या पदव्या सांगतात. हातोडीने जो दचकत नाही तो पदव्यांनी दचकेल, असा काहीतरी त्यामागे वैद्यकीय विचार असावा. "एमबीबीएस मिरज, एमडी मुंबई, डीएम न्यूरॉलॉजी, तेही मुंबई, मग लंडनची फेलोशिप. नोंद घ्या, सगळं पहिल्या प्रयत्नात." एवढं झालं की विचारतात, "बोला, काय होतंय?" तोवर अर्धशिशी घेऊन आलेल्या माणसाची उरलेली बाजूही दुखायला लागलेली असते.

गंगापूर रोडवर तीन डॉक्टरांनी मिळून चालवलेला हा मेंदूविकारांचा दवाखाना. डॉक्टर शेख मॅडम फिट्सच्या, डॉक्टर अहिरे पक्षाघाताचे आणि दाबके विसरभोळ्यांचे. बाहेरच्या पाटीवर पहिल्या दोघांची नावं सभ्य माणसांसारखी एकेका ओळीत मावतात. दाबक्यांचं नाव तीन ओळी घेतं आणि त्यांचा शेवटचा कंस खालच्या मेडिकलच्या शटरवर टेकायला येतो. पेंटरने एक टिंब सोडलं म्हणून त्याला दोनदा परत बोलावलं होतं, असं मेडिकलवाला सांगतो.

सहकाऱ्यांची ओळखही ते स्वतःच करून देतात. "शेख मॅडम हुशार आहेत. डीएमला दुसऱ्या प्रयत्नात लागल्या, पण हुशार आहेत." त्या 'पण'वर ते इतका वेळ थांबतात, की ऐकणाऱ्याला शेख मॅडमच्या घरी सांत्वनाला जावंसं वाटतं. आणि कोणी चुकून त्यांना मेंदूचं ऑपरेशन करणारे म्हटलं, तर चष्मा काढून ठेवतात. "ते कापणारे. आम्ही विचार करणारे. नोंद घ्या."

एकदा बाहेरच्या बाकावर लासलगावकडचे एक शेतकरी माझ्या शेजारी बसले होते. वडिलांना दाखवून नुकतेच बाहेर आले होते. मी विचारलं, काय म्हणाले डॉक्टर? ते टोपी सारखी करत म्हणाले, "लय शिकलेला माणूस हाय. पण बापाला काय झालंय ते अजून नाय सांगितलं."

पेशंटची चौकशी उरकली की दाबके नातेवाइकांकडे वळतात. पहिल्या भेटीत त्यांनी माझं शिक्षण विचारलं. मी म्हणालो, बी.कॉम.

"पहिल्या प्रयत्नात?"

पन्नाशी उलटलेल्या, विमा कंपनीत बऱ्यापैकी खुर्ची असलेल्या, दोन मुलांच्या बापाला हा प्रश्न. अकाउंट्स ऑक्टोबरला सुटला होता, हे मी खालमानेने सांगितलं. माझी बायको मंगल शेजारीच होती. ती बी.एस्सी., फर्स्ट क्लास. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, पण ती एवढं गोड हसलेली मी त्याच दिवशी पाहिली. तेव्हापासून आमच्या घरात मी स्कूटर सुरू केली किंवा बरणीचं झाकण उघडलं, की स्वयंपाकघरातून आवाज येतो, "पहिल्या प्रयत्नात?"

तर असल्या माणसाकडे आम्ही जायचो ते आईसाठी.

आई निफाड तालुक्यात प्राथमिक शिक्षिका होती. सगळं गाव तिला बाई म्हणायचं. गेल्या वर्षी ती चहात मीठ घालायला लागली, ते आम्ही हसण्यावारी नेलं. मग एका सकाळी तिने बाल्कनीत उभं राहून हजेरी घ्यायला सुरुवात केली आणि खालून कोणी 'हजर' म्हणेना म्हणून रडली. तेव्हा आम्ही दाबक्यांकडे गेलो.

त्या पहिल्या भेटीत त्यांनी तिला "आजी" म्हटलं. आई म्हणाली, "बाई म्हणा." त्यांनी तिला कागदावर घड्याळ काढायला लावलं, काटे अकरा वाजून दहा मिनिटांवर. आईने असं घड्याळ काढलं, की भिंतीवर टांगावं, आणि वर त्यांनाच विचारलं, "आता वाचून दाखवा."

मग ते म्हणाले, जुनी एखादी आठवण सांगा. आईने बबन सोनवणेची सांगितली. आम्हा घरच्यांना ती पाठ. म्हणजे आम्ही ती पेपर वाचता वाचता, हं हं करत शंभर वेळा ऐकलेली. बबन चौथीत होता. एकोणतीसचा पाढा यायचा नाही. आईने त्याला एकदा नापास केलं, मग पुन्हा नापास केलं. त्यानंतर तो शाळेत आलाच नाही. आई त्याच्या घरी गेली, तर तो मळ्यात लपून बसला. "एका पाढ्यापायी मी त्याची शाळा तोडली," आई म्हणाली.

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. दाबक्यांना मात्र भलतंच काहीतरी खुपलं होतं. "दोनदा?" ते म्हणाले. "चौथीत?" चहात झुरळ दिसल्यावर माणूस कपाकडे बघतो तसे ते आईच्या आठवणीकडे बघत होते. घरी येताना रिक्षात मी त्यांना जे काही म्हणालो, ते मंगलने मला परत म्हणू दिलं नाही.

वर्षभर आम्ही जात राहिलो. पदव्या दर वेळी तेवढ्याच, घड्याळ दर वेळी वेगळं. आकडे हळूहळू एका बाजूला सरकत गेले आणि एका भेटीत बाराच्या बारा उजवीकडे, बस चुकू नये म्हणून दारात दाटलेल्या माणसांसारखे उभे राहिले. औषधं बदलायला हवीत आणि त्यासाठी नीट तपासायला हवं, असं दाबके म्हणाले. पुढची तारीख दिली.

त्या तारखेला आई कोणाला हात लावू देईना. सिस्टरने रक्तदाब बघायला दंडाला पट्टा बांधायला घेतला, तर तिने तो झटकला. घरी जायचं म्हणाली. मला ओळखलं नाही. मंगलला म्हणाली, "हे गृहस्थ मला कुठे घेऊन आलेत?" घरीही तीन दिवस हेच चाललं होतं. गोळ्या ती थुंकून टाकत होती, जेवण पुढे सारत होती. आज तपासणी झाली नाही तर तिला दवाखान्यात भरती करून, हात बांधून सलाइन लावायला लागेल, एवढं मला कळत होतं.

दाबके खुर्चीत होते. टाय, कोट, मागे भिंतीवर सात फ्रेमा. आता हे मिरजेपासून सुरू करणार, असं वाटून मी दात आवळले.

आई त्यांच्याकडे एकटक बघायला लागली. मग म्हणाली, "सोनवणे, उभा राहा."

मी पुढे झालो. "आई, अगं हे डॉक्टर..."

दाबक्यांनी मला हातानेच गप्प केलं. आणि उभे राहिले.

"बबनच ना तू?"

"हो बाई."

"हाताची घडी."

पासष्टीच्या दाबक्यांनी हाताची घडी घातली.

"चौथीत किती वेळा नापास झालास?"

"दोनदा, बाई."

"माझ्यामुळे."

"नाही बाई. मला पाढा येत नव्हता."

सिस्टर पट्टा हातात धरून तशीच थांबली होती. "मी घरी आले होते तुझ्या," आई म्हणाली. "तू मळ्यात लपलास."

"चुकलं माझं. मग परत गेलो शाळेत. तिसऱ्यांदा पास झालो."

"पुढे शिकलास का रे?"

मी त्यांच्या डोक्यावरच्या फ्रेमांकडे पाहिलं. लंडनची सगळ्यात वर होती.

"शिकलो, बाई," दाबके म्हणाले. "चार अक्षरं."

आईचे खांदे खाली आले. तिने सिस्टरकडे न बघता दंड पुढे केला. मग तिने त्यांना बसायची परवानगी दिली. दाबके खुर्चीत न बसता तिच्या पायाशी लहान स्टूल ओढून बसले आणि त्यांनी आयुष्यात प्रथमच एकही पदवी न सांगता एका गुडघ्यावर हातोडी मारली.

मंगल आणि सिस्टर आईला घेऊन बाहेर गेल्या. मी आभार मानायला लागलो, तर त्यांनी चष्मा काढून ठेवला.

"मिस्टर शिरसाठ, बबनचे वडील काय करायचे?"

मला माहीत नव्हतं.

"कुठल्या बाकावर बसायचा? भावंडं होती?"

तेही माहीत नव्हतं. शंभर वेळा ऐकूनही. "विचारून सांगतो," मी सवयीने म्हणालो. ज्या एकाच माणसाला विचारता आलं असतं, ती आई बाहेर सिस्टरला ताठ बसायला सांगत होती.

"राहू द्या. मीच विचारत जाईन, थोडं थोडं," दाबके म्हणाले. "पुढच्या वेळी बाईंनी उलटतपासणी घेतली तर माझं चुकायला नको." त्यांनी आईचा केसपेपर ओढला आणि वरच्या कोपऱ्यात, जिथे पेशंटबद्दलची खास सूचना लिहितात, तिथे लिहायला लागले. मी वाकून पाहिलं.

बबन सोनवणे. चौथी पास. आणि पुढे, नीट कंस करून: तिसऱ्या प्रयत्नात.