सासऱ्यांचा गुडघा आणि मागची सीट

सासरे आरामखुर्चीत डुलकी घेत होते आणि जावई त्यांच्या पायाशी बसून, श्वास रोखून, पोलादी टेपनं त्यांच्या मांडीचं माप घेत होता. कमरेपासून गुडघ्यापर्यंत सहासष्ट सेंटिमीटर आणि वर चार मिलिमीटर. वरचे चार सोडून देणाऱ्यांतला तो नव्हता. इमारतींच्या लिफ्ट तपासण्याची त्याची नोकरी होती. लिफ्टचं दार केसभर वाकडं बसलं तरी तो सही करत नसे. ऑफिसात सगळे त्याला मिलिमीटर म्हणत, आणि गंमत म्हणजे त्याला ते कौतुक वाटे.

"कशाचं माप?" सासऱ्यांनी एक डोळा उघडला.

टेप खटकन डबीत शिरली. "पँ... पँटचं. तुम्हाला एक पँट शिवावी म्हटलं."

"बसल्याबसल्या घेतात पँटचं माप?"

"बसायची पँट आहे."

सासऱ्यांनी त्यावर थोडा विचार केला. "मग कंबरही घ्या, जावईबापू. वाढलीय," म्हणाले आणि डोळा पुन्हा मिटला. नसलेली 'बसायची पँट' आता खरंच शिवावी लागणार, हे मिलिमीटरच्या लक्षात आलं. पण ते पुढचं पुढे.

भानगड अशी होती. सासरे सहा फूट दोन इंच उंच. चौतीस वर्षं त्यांनी शहराची बस चालवली होती. पाच महिन्यांपूर्वी उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ते लेकीकडे राहायला आले. पाय लांब करता यावा म्हणून लेकीनं त्यांना गाडीत मागं बसवायला सुरुवात केली आणि पुढं तीच पद्धत पडली. पण घरची गाडी म्हणजे डबी, आणि ती चालवायचा बहुधा जावईच. दर फेरीनंतर सासरे उतरत ते पाय चोळतच. हळूहळू त्यांनी बाहेर पडणंच सोडलं. रविवारी बस डेपोच्या कँटीनमध्ये जुन्या चालकांचा अड्डा जमे, तिथंही ते तीन महिन्यांत फिरकले नव्हते. कुणी विचारलं की एकच उत्तर, "नको, गुडघा आखडतो." मग दिवसभर खिडकीत बसून रस्त्यावरच्या बस मोजत.

लेकीला ते बघवेना. ती दातांची डॉक्टर होती. दुखणं फार दिवस ठेवून घेण्यावर तिचा विश्वास नव्हता. "नवी गाडी घेऊ," ती नवऱ्याला म्हणाली. "तुला हवी ती घे. पण मागच्या सीटवर बाबा आरामात बसले पाहिजेत. आणि त्यांना आत्ताच बोलू नकोस, माझ्यासाठी कशाला म्हणून मोडता घालतील."

तुला हवी ती! मिलिमीटरला गेली सहा वर्षं स्पोर्ट सेडान हवी होती. बसकी, रुंद, वळणावर रस्त्याला चिकटून जाणारी. फक्त अशा गाड्या बनवणारे लोक मागच्या सीटचा विचार बहुधा जेवण झाल्यावर, हात धुताना करत असावेत. दोनच गाड्या त्याच्या यादीत उरल्या, एक लाल आणि एक राखाडी. त्यांची शोरूमही एकाच रस्त्यावर, समोरासमोर होती.

पहिल्या फेरीत तो राखाडी गाडीत बसला. मागं ऐसपैस जागा होती. पण दार लावलं तर बिस्किटांचा डबा बंद केल्यासारखा आवाज आला. डॅशबोर्डवर अंगठा दाबला, तर तो कुरकुरला. डाव्या दाराची फट उजव्या दारापेक्षा दीड मिलिमीटर जास्त निघाली. तिथल्या विक्रेत्याला ही बातमी त्यानं हळुवारपणे सांगितली, पण त्याच्यावर काहीच परिणाम झाला नाही.

लाल गाडीची बात निराळी होती. दार 'ठप्प' म्हणून असं बसलं की मिलिमीटरनं ते आणखी सहा वेळा लावून पाहिलं. सगळ्या फटी सारख्या. छत, हँडल, सीटचे सांधे, जिथं बोट दाबावं तिथं घट्ट. त्याच्या मनानं जवळजवळ सही केली होती. अडचण एकच, मागची जागा बेताची वाटत होती. आणि बेताची म्हणजे किती? त्याची स्वतःची मांडी पडली चोपन्न सेंटिमीटरची. तिच्यावरून सासऱ्यांचा अंदाज कसा बांधणार?

म्हणून त्यानं सासऱ्यांचा पाय बनवला.

पुठ्ठ्याच्या दोन जाड नळ्या घेतल्या, गुडघ्याच्या जागी बिजागरी लावली आणि वर त्यांचा जुना पायजमा चढवला, कारण कापडाची जाडीही धरायला हवी. पावलासाठी मात्र पुठ्ठा चालेना. पावलं सीटखाली किती शिरतात यावर सगळं अवलंबून होतं. तेव्हा शनिवारी सकाळी, सासरे अंघोळीला गेलेले पाहून, त्यानं दारातला त्यांचा अकरा नंबरचा उजवा बूट पिशवीत टाकला आणि घर सोडलं.

लाल गाडीची विक्रेती आता त्याला ओळखू लागली होती. पिशवीतून पायजमा घातलेला पाय निघाला तेव्हा ती फक्त एवढंच म्हणाली, "सर, दुसरा नाही आणला?"

"सिमेट्रिकल आहेत," मिलिमीटर म्हणाला. तो ड्रायव्हरच्या मागं बसला, शेजारी पाय बसवला आणि त्याचा बूट पुढच्या सीटखाली सरकवला. "आता पुढची सीट मागं घ्या. उंच माणूस चालवतोय असं समजा."

विक्रेतीनं बटण दाबलं. सीट गुणगुणत मागं येऊ लागली.

"अजून," मिलिमीटर म्हणाला. त्याची नजर टेपवर खिळली होती. "अजून... अजून थोडी..."

काम करताना त्याला आकड्यापलीकडचं काही दिसत नसे. आधी पुठ्ठ्याचा पाय कडकन मोडला. मग सीट त्याच्या स्वतःच्या दोन्ही गुडघ्यांवर येऊन टेकली. मग खालून रबर चिरडल्यासारखा आवाज आला, मग 'टिक', आणि गुणगुणणं थांबलं.

"पुढं घ्या," मिलिमीटर म्हणाला.

विक्रेतीनं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. "पुढं जात नाहीये, सर."

मेकॅनिक आला. गाडीखाली, सीटखाली, सगळीकडे बॅटरी मारून त्यानं निदान केलं. बूट सीटच्या रुळात अडकला होता आणि फ्यूज उडाला होता. फ्यूज बदलला, तोही उडाला. बूट निघेपर्यंत सीट हलणार नव्हती, पाठही त्याच फ्यूजवर होती, आणि सीट उचकटायचे बोल्ट नेमके सीटखालीच झाकले गेले होते. मग त्यानं सीटची पाठ दोन्ही हातांनी धरून जीव खाऊन ओढली. सीट तसूभरही ढळली नाही.

"बघा साहेब," तो घाम पुसत अभिमानानं म्हणाला, "बांधणी म्हणजे ही बांधणी. राखाडीवाल्यांची सीट एव्हाना हातात आली असती."

मिलिमीटरला हे पटलं. इतकं, की त्यानं खिशातली वही काढून ते लिहूनही घेतलं. दुखत काही नव्हतं. फक्त गुडघे असे चपखल बसले होते की ना वर उचलता येत, ना बाजूला काढता येत. विक्रेतीनं त्याला खिडकीतून कॉफी दिली. मेकॅनिक मोठी अवजारं आणायला गोदामात गेला, तो लवकर परतण्याचं चिन्ह दिसेना.

शनिवारची गर्दी वाढू लागली. एक नवराबायको गाडीभोवती फिरून आत डोकावले.

"मागं बसायला कशी आहे हो?" बायकोनं विचारलं.

"सध्या मला विचारू नका," मिलिमीटर म्हणाला. पण खोटं सोडाच, अर्धवट माहिती देणंही त्याच्या स्वभावात नव्हतं. "तुमची उंची किती? पाच-चार? मग छान बसाल. पुढं यांच्यासारखा माणूस बसला तरी चार बोटं उरतील. दार लावून बघा. नाही, जोरात नको, नुसतं सोडून द्या."

दार 'ठप्प' बसलं. नवराबायको एकमेकांकडे बघून हसले आणि विक्रेतीच्या टेबलाकडे गेले. पुढच्या पाऊण तासात मिलिमीटरनं आणखी तीन कुटुंबांच्या शंका फेडल्या. शोरूमचा मॅनेजर लांबून हे पाहत होता. त्यानं विक्रेतीला हळूच विचारलं, "मेकॅनिकला खरंच घाई करायला सांगायची का?"

इकडे घरी सासरे डॉक्टरांनी सांगितलेली कोपऱ्यापर्यंतची फेरी मारायला तयार होऊन दाराशी उभे होते. एका पायात बूट, दुसऱ्या पायात मोजा. त्यांनी लेकीला दवाखान्यात फोन लावला. "अगं, माझा एक बूट गेलाय."

"एक? चोर एक बूट कशाला नेईल, बाबा?"

"तेच म्हणतो मी. आणि जावईबापूंवर जरा लक्ष ठेव. परवा माझी मांडी मोजत होते."

लेकीनं नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "मी अडकलोय."

"कामात?"

"नाही. सीटमध्ये."

अर्ध्या तासात बापलेक शोरूममध्ये हजर झाले. सासऱ्यांच्या एका पायात बूट होता आणि दुसऱ्यात स्वयंपाकघरातली चप्पल. बायकोनं आधी नवऱ्याचे गुडघे तपासले आणि मग खुर्चीतल्या पेशंटला सांगते त्याच सुरात सांगितलं, "काही नाही, जरा सोस, आत्ता होईल."

सासऱ्यांनी गाडीला एक फेरी मारली. मग दुसऱ्या बाजूचं मागचं दार उघडलं आणि सहा फूट दोन इंचांचा तो माणूस मान तिरकी करून, कसलाही आवाज न करता आत शिरून जावयाच्या शेजारी बसला. गुडघ्यांपुढं जागा उरली. किती उरली ते मोजायला टेप मिलिमीटरच्या हाती नव्हती, ती सीटखाली गेली होती.

"बाबा, गुडघा!" लेक ओरडली.

"गुडघ्याला काय धाड भरलीय?" सासरे वाकले आणि त्यांचा लांबलचक हात पुढच्या सीटखाली गेला. "बसमध्ये महिन्यातून एकदा व्हायचं हे. लोक सीट ओढत बसतात. सीट नाही ओढायची, जे अडकलंय ते बारीक करायचं." ते चाचपून बुटाची नाडी सोडू लागले. नाडी सुटली, बुटाची जीभ बाहेर आली, बूट सैल झाला आणि चपटा होऊन निघाला. एव्हाना परतलेल्या मेकॅनिकनं फ्यूज लावला, सीट गुणगुणत पुढं गेली. मिलिमीटरनं पाय लांब केले. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

सासरे हातातल्या बुटाकडे पाहत होते. मग त्यांना पायजमा दिसला.

"हा कुणाचा पाय?"

"तुमचा," मिलिमीटर खाली मान घालून म्हणाला.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. लेकीनं सगळं सांगून टाकलं. गाडी त्यांच्यासाठीच बघतोय, मागं पाय आखडू नयेत म्हणून, त्यांनी पुन्हा डेपोवर जावं म्हणून. मोडक्या पायाची बिजागरी सासऱ्यांनी एकदा दुमडली, एकदा सरळ केली. काम सफाईचं होतं.

"एवढं केलंत," ते शेवटी म्हणाले, "पण जागेचा काही प्रश्नच नव्हता हो."

"म्हणजे? पाय तर आखडायचा ना?" मिलिमीटरनं विचारलं.

"आखडायचा. ब्रेक दाबून दाबून."

"मागच्या सीटवर कुठंय ब्रेक?"

"नाही ना! तेच तर!" सासऱ्यांचा आवाज पाच महिन्यांत प्रथमच चढला. "जावईबापू, तुम्ही सिग्नल दिसला की गाडी पळवता आणि अगदी जवळ गेल्यावर थांबवता. चौतीस वर्षांचा पाय आहे माझा, आपोआप दाबला जातो. घरी येईपर्यंत पोटरीचा गोळा व्हायचा. जावयाला तोंडावर कसं सांगणार? म्हटलं, गुडघ्याचं नाव पुढं केलेलं बरं."

मिलिमीटरनं बायकोकडे पाहिलं. बायकोनं एकदम गाडीचा रंग निरखायला सुरुवात केली.

"मग तुम्हीच चालवायची ना, बाबा," थोड्या वेळानं ती म्हणाली. "पण डॉक्टर..."

"डॉक्टरनं सहा आठवड्यांपूर्वीच परवानगी दिलीय. तू तेव्हा गाडी लावायला गेली होतीस."

"आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"विचारलं कुणी? घरात येणारा-जाणारा गुडघ्याची चौकशी करतो. माझी कोण करतं?"

विक्रेती शहाणी होती. ती आत गेली आणि चाचणीसाठी ठेवलेल्या, त्याच मॉडेलच्या पांढऱ्या गाडीची किल्ली घेऊन आली. क्षणभर हात पुढं करून ती घोटाळली आणि मग किल्ली तिनं सासऱ्यांच्या तळव्यावर ठेवली. सासऱ्यांनी लायसन्स काढून दाखवलं. ते त्यांच्या वरच्या खिशातच होतं.

चपटा बूट पायात चढवून ते बसले. त्यांनी आरसे जुळवले, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि एकदा लांब श्वास घेतला. लेक शेजारी बसली. विक्रेती आणि मिलिमीटर मागं. गाडी निघाली, पण निघाली हे मिलिमीटरला फाटक मागं पडल्यावर कळलं. सिग्नल लांबून दिसला तशी ती आपोआप मंदावली, वळणावर कलंडल्यासारखी न होता वळली, आणि थांबली तेव्हा कॉफीचा कप भरलेला असता तरी हिंदकळला नसता.

मिलिमीटर मात्र ताठ बसून पुढचा रस्ता बघत होता. समोरून एक ट्रक येत होता.

"बाबा, तो ट्रक जरा..."

"मागच्यांनी खिडकीबाहेर बघावं," सासरे आरशातून म्हणाले. "माझे प्रवासी तेच करायचे."

मिलिमीटर खिडकीबाहेर पाहू लागला. त्याला काहीतरी विचारायचं होतं, म्हणून थोड्या वेळानं त्यानं पुढं झुकून बायकोच्या खांद्याला हात लावला. उत्तर आलं नाही. बारा वर्षं त्याच्या शेजारी बसून जिनं एकदाही डोळा मिटला नव्हता, ती बायको दुसऱ्या सिग्नलच्या आतच घोरत होती.