पडद्याच्या स्प्रिंगचा गडगडाट

एखादी वस्तू विकत न आणता घरीच बनवायची असं मी ठरवलं, की आमच्या घरातल्या दोन्ही बायका, म्हणजे माझी आई आणि माझी बायको, आपापलं सामान कपाटात टाकून कुलूप लावतात. त्यांना दोष देता येत नाही. मागे मी वॉशिंग मशीन दुरुस्त केलं तेव्हा चार स्क्रू उरले होते, आणि मशीन कपडे धुता धुता बाथरूमच्या बाहेर निघून आलं होतं. (कपडे स्वच्छ निघाले होते, पण ते कुणी लक्षात घेत नाही.)

या वेळी निमित्त झालं माझ्या इलेक्ट्रिक गिटारचं. मी पाणीपुरवठा कार्यालयात कारकून आहे आणि रोज संध्याकाळी तासभर गिटार वाजवतो. कशी वाजवतो, हा मुद्दा इथे गैरलागू आहे. आमच्या आवक-जावक विभागात एक गृहस्थ आहेत. उंच, खाली रुंद आणि कायम एकाच सुरात बोलणारे, म्हणून सगळे त्यांना तंबोरा म्हणतात. तरुणपणी ते एका बँडमध्ये होते. एकदा घरी येऊन त्यांनी डोळे मिटून माझं वादन ऐकलं आणि म्हणाले, "आवाज फार कोरडा आहे रे. रिव्हर्ब लाव त्याला."

मी हे लगेच बायकोच्या कानावर घातलं.

"कोरडा म्हणजे?"

"म्हणजे कपाटात बसून वाजवल्यासारखा. रिव्हर्ब लावला की मोठ्या सभागृहात वाजवल्यासारखा घुमतो."

"मग खरंच कपाटात बसून वाजवा ना," ती म्हणाली. "दार मी बाहेरून लावते."

तंबोऱ्यांनी समजावलं ते असं. एक लांब, बारीक स्प्रिंग ताणून बसवायची. तिच्या एका टोकाला गिटारचा आवाज सोडायचा. तो स्प्रिंगमधून हेलकावे खात दुसऱ्या टोकाला पोचतो, तिथून तो पुन्हा अ‍ॅम्प्लिफायरमध्ये घ्यायचा. झाला रिव्हर्ब! इतकी सोपी वस्तू लोक पैसे मोजून का आणतात, याचं मला नवल वाटलं. (आता वाटत नाही.)

आधी मी ऑफिसातल्या बॉलपेनांच्या स्प्रिंगा काढून एकीला एक जोडल्या. त्यातून डास गुणगुणल्यासारखा आवाज आला आणि आमच्या विभागातली सगळी पेनं मान टाकून बसली. मग माझी नजर आईच्या खोलीतल्या खिडकीवर गेली. खिडकीचा अर्धा पडदा ज्या प्लास्टिकच्या वेष्टनातल्या स्प्रिंगवर ओवलेला असतो ना, ती! वेष्टन सोलून काढलं तर आत अस्सल पोलादी, हातभर लांब, थरथरती स्प्रिंग. मी तिच्या प्रेमातच पडलो. पडदा सुतळीवर टांगला. स्प्रिंग जुन्या ट्यूबलाइटच्या लोखंडी पट्टीत ताणली. एका टोकाला मोडक्या रेडिओचा स्पीकर बसवला. दुसऱ्या टोकाला आवाज टिपायला एक पितळी चकती लागते, ती आईच्या गजराच्या घड्याळात सापडली.

"पडदा का लोंबतोय रे?" आईने विचारलं.

"हवा यायला."

"आणि घड्याळ का वाजत नाही?"

"तुझी झोपमोड होऊ नये म्हणून."

"बापावर गेलायस," आई म्हणाली आणि पडद्याला चार चिमटे लावले.

यंत्र चाललं हो! अगदी पहिल्या फटक्यात. मी एक तार छेडली आणि बेडरूममध्ये सभागृह अवतरलं. फक्त एक अडचण होती. पट्टी अ‍ॅम्प्लिफायरजवळ ठेवली की भुंगा शिरल्यासारखी घूंऽऽ अशी घरघर यायची. तंबोरा म्हणाले, "लांब ने." बेडरूममध्ये लांब अशी जागाच नाही. म्हणून मी ती पट्टी बाहेरच्या खोलीत जेवणाच्या टेबलाला खालच्या बाजूने स्क्रूने बसवली आणि वायरी भिंतीच्या कडेकडेने बेडरूमपर्यंत नेल्या. कुणाला दिसणारसुद्धा नाही, अशी बेमालूम. घरच्यांना सांगायची गरज मला वाटली नाही. (इथे वाचकांनी कपाळाला हात लावला तरी चालेल.)

आता बायकोविषयी. ती वाचनालयात सहायक ग्रंथपाल आहे. आधीचे प्रमुख निवृत्त झाल्यापासून सगळं वाचनालय हीच ओढते, पण प्रमुखाची खुर्ची रिकामी. दोनदा मुलाखत झाली आणि दोन्हीदा उत्तर तेच: अनुभव उत्तम, पण माणसं हाताळायला लागते ती जरब दिसत नाही. (जरब नाही! त्या मंडळींना आमच्याकडे चार दिवस राहायला बोलवायला हवं होतं.) दुसऱ्या वेळी ती हसून घरी आली आणि स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ एकच भांडं घासत बसली होती. मला ते बघवलं नव्हतं. तिला ती जागा मनापासून हवी होती, आणि हक्काची होती. आता तिसरी आणि शेवटची मुलाखत होती, ती रविवारी सकाळी लॅपटॉपवर. यंदा जमलं नाही तर बाहेरचा माणूस आणणार होते.

"प्रकाश बाहेरच्या खोलीत चांगला येतो," ती म्हणाली, "मी जेवणाच्या टेबलाशी बसणार. अहो, त्या तासाभरात घरात टाचणी पडल्याचासुद्धा आवाज नको."

"काळजीच करू नकोस," मी म्हणालो. आत जाऊन गिटारची वायर उपटली आणि गिटार पलंगाखाली सरकवली. अ‍ॅम्प्लिफायर चालूच राहिला. गिटारच नाही तर आवाज कुठून येणार, असा माझा बिनतोड हिशेब होता. बेडरूमचं दार ओढून घेऊन मी स्वयंपाकघरात आईजवळ बनियनवर बसलो.

मुलाखत छान सुरू झाली. समोर लॅपटॉपच्या पडद्यावर तीन जण: नाकातून बोलणारे अध्यक्ष, चष्म्यावरून बघणाऱ्या एक बाई आणि एक नुसतेच मान हलवणारे. हिने पहिलं उत्तर झकास दिलं आणि निवांतपणे दोन्ही कोपरं टेबलावर टेकली.

धडाड् धूंऽऽम्!

बेडरूममधून असा कडकडाट आला, की आईच्या हातातली वाटी खाली पडली. स्प्रिंगला गिटारशी देणंघेणं नसतं, हे ज्ञान मला त्या क्षणी झालं. तिला धक्का बसला की पुरे. आणि ती ज्या टेबलाला घट्ट बसवली होती, त्या टेबलावर माझ्या बायकोचं भवितव्य कोपरं टेकून बसलं होतं.

"तिकडे ढग गडगडतायत का?" अध्यक्षांनी विचारलं.

"हवा जरा बिघडलीय," बायको शांतपणे म्हणाली, आणि नोंदींचा कागद पुढे ओढला. खर्रर्र-घूम्!

अ‍ॅम्प्लिफायर बंद करायला हवा होता, पण बेडरूमचं दार नेमकं तिच्या पाठीमागे, कॅमेऱ्याच्या ऐन समोर. मी बनियनवर. तेवढ्यात आईला वाटलं, सुनेचा घसा सुकला असेल. मी "आई, नको!" असं ओठांनी ओरडेपर्यंत तिने कडेकडेने जाऊन पाण्याचा पेला टेबलावर ठेवलासुद्धा.

धडाम्!

"तुमच्याकडे बांधकाम चालू आहे का?" चष्म्यावरून बघत बाईंनी विचारलं.

आता गप्प बसणं शक्य नव्हतं. मी चार पायांवर रांगत निघालो. कॅमेऱ्याच्या नजरेखालून टेबलाखाली शिरलो. बेत साधा होता: पट्टीतून अ‍ॅम्प्लिफायरकडे जाणारी वायर उपटायची. उपटली. गिटारवाल्यांतलं शेंबडं पोरही सांगेल, की चालू अ‍ॅम्प्लिफायरला लागलेल्या वायरीचं दुसरं टोक मोकळं सोडून हातात धरू नये. मी धरलं. घरभर घूंऽऽऽऽ सुरू झालं. घाबरून मी वायर परत खोचली आणि उठायला गेलो. डोकं टेबलाला खालून आपटलं, तेही नेमकं स्प्रिंगच्या पट्टीवर.

तो आवाज मी शब्दांत लिहू शकत नाही. शेजारच्या कुत्र्याने भुंकायचं सोडून दिलं.

मग लॅपटॉपमधून अध्यक्षांचा नाकातला आवाज आला, "बाई, शेवटचाच प्रश्न. हाताखालचा एखादा माणूस वर्षानुवर्षं तुमचं ऐकतच नसेल, स्वतःचंच डोकं चालवून सगळा घोळ घालत असेल, तर तुम्ही काय कराल?"

मला बायकोचे फक्त पाय दिसत होते. डावा पाय एकदा जमिनीवर आपटला.

"एक मिनिट सर," ती म्हणाली. मग खाली वाकली. "अहो, बाहेर या."

मी बाहेर आलो.

"उभे राहा. सर्वांना नमस्कार करा."

मी बनियनवर सर्वांना नमस्कार केला. मान हलवणाऱ्यांची मान थांबली.

"आता आत जा. भिंतीवरचं बटण बंद करा. भिंतीवरचंच, दुसरं काही डोकं लढवू नका. झालं की आईंजवळ जाऊन बसा. काही विचारायचं असेल तर बारानंतर विचारा."

आवाज चढवला नाही, भुवईसुद्धा उचलली नाही. मी गेलो, बटण बंद केलं, आलो आणि आईजवळ मांडी घालून बसलो. आईनेही का कोण जाणे, पदर सारखा केला.

"सर, मी साधारण असं करीन," बायको म्हणाली.

संध्याकाळी फोन आला. निवड एकमताने झाली होती! ती स्वयंपाकघरात आली आणि नुसती हसत उभी राहिली. तिला तसं बघून माझे डोळे भरून आले. आईने तिची अलाबला घेतली. मी मात्र जरा पुढे सरसावलो, कारण या यशात माझा वाटा आहे हे कुणीतरी म्हणायला हवं होतं.

"माझ्याबद्दल काही विचारलं का गं त्यांनी?" मी विचारलं.

"विचारलं ना. अध्यक्ष म्हणाले, हा माणूस तुमच्या हाताखाली किती वर्षं आहे?"

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, सोळा वर्षं झाली," ती माझ्या डोक्यावरच्या टेंगळाला बर्फ लावत म्हणाली, "पण अजून प्रोबेशनवरच आहे."