सयाजीराव पॉपअपमध्ये गेले

"पप्पा, तीनपैकी एक निवडा आणि मला मोकळं करा," तेजश्री म्हणाली. "सोमवारी मला पुण्याला ड्युटीवर जायचंय."

सोलापूरच्या नवी पेठेतल्या 'ईश्वर फोटो'च्या वेबसाइटचं सगळं झालं होतं. फोटोवर बोट ठेवलं की तो पॉपअपमध्ये मोठा होऊन कसा उघडावा, एवढंच ठरायचं राहिलं होतं. त्यासाठी लेकीनं तीन स्क्रिप्ट आणल्या होत्या.

"स्क्रिप्ट म्हंजे नाटकाची असती तसली?" ईश्वरनं विचारलं.

"नाही हो, कोड असतो. हा बघा पहिला. फोटो बाजूनं सरकत येतो."

"रिक्षावाल्यानं कट मारल्यागत येतोय. नको."

"हा दुसरा. पांढऱ्या पानावर उघडतो."

"आधार कार्डागत दिसतंय."

तिसऱ्यात सगळा पडदा हळूहळू काळा झाला आणि त्या काळ्यातून फोटो सावकाश वर आला. ईश्वर खुर्चीत पुढं सरकला. डार्करूममध्ये कागद औषधात बुडवला की चेहरा असाच वर यायचा. शेजारी त्याची बायको नागूबाई उभी असायची. कुणाचे डोळे मिटलेत ते तिला त्याच्याआधी कळायचं.

"हाच," तो म्हणाला.

"काळा फार जड वाटतो, पप्पा."

"हाच."

तेजश्रीनं वाद घातला नाही. नागूबाईला जाऊन आठ महिने झाले होते आणि अजून घरात तिचा एकही फोटो भिंतीवर चढला नव्हता. बहिणी विचारायच्या, तर ईश्वर म्हणायचा, "निवडतोय अजून." लोकांच्या मेलेल्या माणसांचे फोटो मोठे करून देण्यात त्याचा जन्म गेला होता, पण बायकोचा एक फोटो त्याला निवडता येत नव्हता. भिंतीवर गेली की गेली. वेबसाइटला तो तयार झाला तोही एवढ्याचसाठी, की तिथं ती गिऱ्हाइकांच्या ओळीत, जित्या माणसांत बसेल. खाली त्यानं फक्त 'नागू' लिहायला लावलं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी वेबसाइट सुरू झाली. पहिलाच फोटो होता वैरागच्या सयाजीरावांचा. सयाजीरावांची तिथं धान्याची आडत होती आणि दोन वर्षांपूर्वी त्यांची एकसष्टी दणक्यात झाली होती. गळ्यात हार, खांद्यावर शाल, चेहरा गंभीर. खाली नाव, फोटो चढवल्याची तारीख आणि स्टुडिओचा नंबर. काळ्या पडद्यावर हार घातलेला माणूस आणि खाली तारीख. आपल्याकडं याचा अर्थ एकच होतो. वैरागातल्या कुणीतरी त्या पडद्याचा स्क्रीनशॉट काढून गावच्या ग्रुपवर टाकला, आणि वर दोन हात जोडले.

शनिवारी सकाळी आठला फोन वाजला.

"ईश्वर फोटो का? अंत्यविधी किती वाजता हाय?"

आठ महिन्यांपूर्वी ह्याच फोनवर हाच प्रश्न त्याला दिवसभर आला होता. विचार करायच्या आत तोंडानं उत्तर दिलं.

"अकराला."

"वैरागात का सोलापुरात?"

"सोलापुरातच."

"बरं," म्हणून समोरच्यानं फोन ठेवला. आत्ता कोण विचारत होतं आणि कशासाठी, हे ईश्वरच्या डोक्यात शिरायला पाच मिनिटं लागली. तोवर ग्रुपवर अकराची वेळ पडली होती, आणि वैरागातून टेम्पो निघायची तयारी सुरू झाली होती. त्यानं उलट फोन लावला, तर तो सारखा गुंतलेला.

सयाजीराव मात्र सकाळच्या एसटीनं सोलापूरला आलेले. मोबाइल घरीच चार्जिंगला राहिलेला. नवी पेठेत धोतरजोडी बघत असताना वैरागचाच एक माणूस दुकानात शिरला, त्यांना बघून किंचाळला, मग जवळ येऊन त्यानं चिमटा काढला. सव्वादहाला सयाजीराव त्याचा मोबाइल हातात घेऊन स्टुडिओत हजर.

"ईश्वरराव! तुमाला फोटो काढायला बोलावलं हुतं, जीव काढायला न्हाय!"

"चुकलं, सयाजीराव. पण आदी घरी फोन लावा."

फोन त्यांच्या बायकोनं, बजाबाईंनीच उचलला. मागं रडारड ऐकू येत होती.

"अगं, मी बोलतोय."

"मी कोण?"

"मी म्हंजे मी! तुझा नवरा!"

"त्ये गेले की वो!" आणि बजाबाईंनी पुन्हा गळा काढला.

"एसटीनं गेलोय गं! डाळीत मीठ लई झालं म्हणून सकाळी भांडलो न्हाय का?"

पलीकडं रडं थांबलं. "मीठ बरूबर हुतं," बजाबाई म्हणाल्या, आणि त्यांची खात्री पटली.

सयाजीराव जरा निवळले. खुर्चीत टेकून ग्रुप वाचू लागले आणि त्यांचा चेहरा बदलत गेला.

"ऐका. आमचा मल्लिनाथ लिवतोय, 'देवमाणूस हरपला'. काल ह्यानंच माझ्या काट्याला खोट काढली!" त्यांनी अजून थोडं वाचलं. "पोरी," ते हळूच तेजश्रीला म्हणाले, "आजचा दिस ऱ्हाऊ दे की त्यो फोटो."

"नको हो काका, आत्ता बदलते."

"बरं. अजून कोण कोण गेलं त्ये तरी बघू." त्यांनी तेजश्रीसमोरच्या स्क्रीनवर अंगठ्यानं फोटो सरकवला. पडदा काळा झाला आणि काळ्यातून नागूबाई वर आली. "अरारा! वहिनींना पण? घरच्या माणसाला तरी सोडायचं हुतं!" आतल्या दाराच्या पडद्याकडं तोंड करून त्यांनी हाळी दिली, "वहिनी, च्या टाका! दोगं मेलेली बसून पिऊ!"

तेजश्रीची बोटं की-बोर्डवर घाईघाईनं पळाली. तिसरी स्क्रिप्ट गेली, दुसरी आली. पान पांढरं झालं. नागूबाई उजेडात बसली होती, पदर सावरत, कुणावर तरी हसत.

"हां!" सयाजीराव म्हणाले. "आता कशा जित्त्या दिसत्यात!"

ईश्वरला हवं होतं ते हेच. आता नुसतं गप्प बसायचं, किंवा बाजारात गेलीय म्हणायचं, की एक गिऱ्हाईक तरी ती आहे असं समजून वैरागला गेलं असतं. तेजश्री बापाकडं बघत होती. नागू गेली तेव्हा फोन करणाऱ्या सगळ्यांना आधीच माहीत असायचं, ते फक्त वेळ विचारायचे. मुख्य गोष्ट त्याला कुणालाच सांगावी लागली नव्हती.

"गेली ती, सयाजीराव."

"कुटं?"

"वारली. आठ महिने झाले."

सयाजीरावांनी टोपी काढली. हातातल्या मोबाइलवरच्या श्रद्धांजल्या वाचायला घेतल्या. खाली खाली करत गेले, आणि शेवटी मोबाइल उपडा टेबलावर ठेवला.

"सकाळपासून दोनशे माणसांनी मला श्रद्धांजली वाहिली," ते म्हणाले. "त्यातलं एक वाक्य कामाचं न्हाय."

मग ते उठून ईश्वरच्या शेजारी येऊन बसले. स्टुडिओचा फोन वाजायला लागला. टेम्पोवाले नवी पेठेत आले असणार, कुठं वळायचं ते विचारत असणार. ईश्वरनं हात पुढं केला, पण सयाजीरावांनी तो धरून ठेवला. फोन वाजून वाजून बंद झाला, आणि वैरागच्या टेम्पोपुरते सयाजीराव आणखी दहा मिनिटं मेलेलेच राहिले.