सहा टक्क्यांची शिलाई मशीन

तुम्हाला म्हणून सांगतो, व्याजाच्या बाबतीत उभ्या नाशकात माझ्याइतका जाणकार माणूस नव्हता! निदान चौऱ्याहत्तरच्या जानेवारीपर्यंत माझी तशी समजूत होती. बँकेत मुदत ठेवीच्या टेबलावर मी सहा वर्षं काढली होती. पेन्शनर मंडळी तर गुरुजींना मुहूर्त विचारावा तशी मला व्याज विचारायला येत.

त्या जानेवारीत आमच्या घरी पाचशे रुपये जमले. त्यांतून शिलाई मशीन घ्यायची, हे लग्न झाल्यापासून ठरलेलं. आमची चांगुणा शिवणाचा क्लास पास झालेली. शेजारच्या यशोदाबाईंची मर्जी सांभाळत, त्यांच्या मशीनवर ती कॉलनीतल्या बायकांची पोलकी शिवून देई. पण यशोदाबाई पुढच्या संक्रांतीनंतर मशीनसकट मुलाकडे भुसावळला जाणार होत्या. त्याच्या आत स्वतःची मशीन आली नाही, तर तिची सगळी गिऱ्हाइकं दुसरीकडे जाणार!

मेन रोडला खंडूशेठच्या दुकानात मशीन चारशे ऐंशीला होती.

"आजच आणू या," चांगुणा म्हणाली.

"अगं वेडी की खुळी! ठेवीत टाकतो. सहा टक्के! वर्षाने पाचशेचे पाचशेतीस. मशीन घेऊन वर पन्नास रुपये उरतील!"

"आणि भाव वाढला तर?"

"लोखंडाला काय पालवी फुटते?"

मार्चमध्ये सहज दुकानावरून गेलो. पाटीवर पाचशे दहा! मे महिन्यात पाचशे पंचेचाळीस! तसं त्या वर्षी तेल, तांदूळ, साबण, सगळंच चढत होतं. पण तेल चढलं की मी नुसता चिडायचो, मशीन चढली की मला घाम फुटायचा. जेवण जाईना. रोज दुकानापुढे घुटमळायला लागलो. शेवटी खंडूशेठ ओरडलेच, "घ्यायचीय का नुसती नजर लावायचीय?"

झालं! तोंड दाखवायची सोय उरली नाही. मग मी आमच्या बुधा शिपायाला पाठवलं. दिंडोरीकडचा, पन्नाशीचा, भरवशाचा माणूस. तो दुपारी परत आला.

"सायेब, पाचशे पासष्ट. शेठ म्हनला, लय मागनी हाय. उद्या ऱ्हाईल का नाय, सांगता येत नाय."

"मागणी? कोणाची?"

"ते काय बोलला नाय बा."

दुसऱ्या दिवशी खात्री करायला कॅशियरला पाठवलं. पाचशे ऐंशी! तिसऱ्या दिवशी क्लिअरिंगमधल्या गोरक्षला आणि पुन्हा बुधाला. पाचशे पंच्याण्णव! भाव जितका वाढे तितकी मला काळजी, आणि काळजी जितकी वाढे तितकी मी जास्त माणसं धाडी.

जुलैत मॅनेजरसाहेबांनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. "रिझर्व्ह बँकेने बँक दर सातावरून नऊ केलाय. कर्ज महाग होणार. उसन्या पैशावर माल दाबून बसलेल्यांना तो बाहेर काढावाच लागेल. मग भाव उतरतील. थोडा धीर धरायचा! आणि हो, वर्षाच्या ठेवीला आता आठ टक्के."

"साहेब, माझ्या सहाचे आठ होतील?"

"इतकी वर्षं तुम्हीच लोकांना काय सांगता? जुन्या ठेवीला जुनाच दर!"

घरी चांगुणाला सगळं सांगितलं. ती देवळ्याची, कांदेवाल्यांची लेक. शांतपणे म्हणाली, "आमच्याकडे चाळीत, म्हणजे कांद्याच्या वखारीत, कांदा ठेवतात ना, तसंच हे. गोण्या मोजल्या तर तेवढ्याच भरतात, काट्यावर घातल्या की वजन घटलेलं. तुमच्या बँकेत तर गोणी वाढून वजन घटतंय!"

सहा वर्षांत मला हे कोणी सांगितलं नव्हतं. फार लाज वाटली. त्या संध्याकाळी पाटीवर सहाशे वीस! साहेबांचा धीर साहेबांपाशी! दुसऱ्या दिवशी ठेव मोडली. दंड कापून पाचशे नऊ हातात आले. उरलेले एकशे अकरा चांगुणाने शिवणाच्या कमाईच्या डब्यातून काढून दिले.

मशीन आणायला आतल्या खोलीत गेलो, तर तिथे ओळीने बारा मशिनी!

"शेठ, तुम्ही तर म्हणत होता, उद्या मशीन राहील की नाही सांगता येत नाही?"

"आता तुम्ही गिऱ्हाईक झालात, तुमच्यापासून काय लपवायचं?" खंडूशेठ घाम पुसत म्हणाले. "दोन महिने झाले, रोज माणसं भाव विचारून जातायत! म्हटलं, गावात टंचाई होणार. तुमच्याच बँकेचं कर्ज काढून माल दाबला न् भाव चढवत गेलो. आता बँकेने व्याज वाढवलं. ते मी कुठून भरू?"

म्हणजे माझेच पाचशे रुपये बँकेमार्फत इथे येऊन बसले होते!

एवढ्यात दारातून आवाज आला, "शेठ, आज काय भाव?"

बुधा! त्याच्या मागे गोरक्ष! त्यांची रोजची फेरी बंद करायला मी विसरलोच होतो.

"आँ? सायेब, तुमी हितंच? मंग आमाला कशापायी धाडलं?"

खंडूशेठांनी बुधाकडे पाहिलं, गोरक्षकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी मशीन हातगाडीवर घातली आणि मागे वळून न बघता निघालो.

त्यानंतर भाव विचारायला अर्थातच कोणी गेलं नाही. अकरा मशिनींवर व्याज चढत राहिलं. पंधराव्या दिवशी पाटी लागली : चारशे पंच्याण्णव! मॅनेजरसाहेबांचा हिशेब बरोबरच होता. मला फक्त पंधरा दिवस दम निघाला नाही.

नव्या मशीनवर चांगुणाने पहिला माझा शर्ट शिवला. कॉलर झकास, बटणं एका रेषेत. मी आरशासमोर उभा राहिलो, छाती चाचपली.

"अगं, खिसा राहिला!"

"राहिला नाही," दोरा दाताने तोडत ती म्हणाली, "ठेवला नाही. तुमच्यापाशी पैसा घटतो."

तेव्हापासून एक तारखेचा पगार मी मुठीत धरून घरी नेतो. तोही मेन रोडने नाही, मागच्या गल्लीने!