साळवे काकांची हरकत

साळवे काका आमच्या शॉपिंग सेंटरमध्ये कधी म्हणजे कधीच बसत नाहीत. सकाळी दहाला येतात, दुपारपर्यंत वरांड्यात फेऱ्या मारतात. मी स्टूल पुढं केलं की दोन पावलं मागं सरकतात. "न्हाई पोरी. वरांड्यात बसायची जागा नकाशात न्हाई."

नकाशा म्हणजे बदनापूरच्या या आमच्या सेंटरचा मंजूर नकाशा. काका बांधकाम खात्यात ट्रेसर होते. तो नकाशा त्यांनीच उतरवलेला. त्याची एक प्रत पत्र्याच्या नळीत घालून खांद्याला अडकवूनच ते फिरतात. काकू जाऊन चार वर्षं झाली, मुलगा-नातवंडं पुण्याला. राहिला कोण, तर नकाशा!

चपलावाल्यानं पायरीवर रॅक मांडला की काका हजर. "नकाशात कुठंय, दाखव." माझ्या मॅचिंग सेंटरबाहेर टांगलेल्या ओढण्या तर त्यांनी टेप लावून मोजल्या. "नऊ इंच भाईर आल्यात."

"वाऱ्यानं आल्यात, काका."

"मंग वाऱ्याला सांग, आत राह्य म्हणून."

खरं सांगते, त्या दिवशी तो टेप हिसकावून घ्यावासा वाटला होता.

अशा माणसापासून आम्ही सुनीताचं पाळणाघर लपवायचं ठरवलं, यात आमचं काय चुकलं? सुनीता माझी मैत्रीण. रेल्वेनं येणाऱ्या मास्तरणींची, नर्सबाईंची अकरा लेकरं ती घरी सांभाळायची. घरमालकानं दिवाळीपर्यंत खोल्या रिकाम्या करा म्हणून सांगितलं. अकरा लेकरांच्या रडण्याला दुसरं कोण जागा देणार? आमच्या सेंटरमधला वरचा अकरा नंबरचा गाळा कुलूप लागून पडलेला, तो तिच्या मनात भरला. पण मंजुरीत त्या गाळ्यासमोर लिहिलेलं 'किरकोळ दुकान'. पाळणाघर करायचं तर मंजुरीच बदलून घ्यायची. त्यासाठी अर्ज, जाहीर नोटीस, लोकांच्या हरकती, मग सुनावणी. हरकत म्हटलं की डोळ्यासमोर कोण येणार, सांगायला नको.

एक दिवस काका थेट तिच्यासमोर उभे. "गाळा अकरा पाहून राह्यलीस म्हणं?" सुनीताचा चेहरा पांढराफटक. काका म्हणाले, "चोरून कायला? नकाशा बदलता येतो की. बराबर अर्ज करू."

मी आ वासून बघत राहिले. अर्ज काकांनी लिहिला, सुधारित नकाशा काकांनी काढला. कचेरीत इतक्या खेपा घातल्या की ते बिनसाखरेचा चहा पितात हे तिथल्या शिपायाला पाठ झालं.

नोटीस लागली. शेवटच्या दिवशी एकच हरकत आली. कुणाची? साळवे काकांची!

मी तरातरा त्यांच्या घरी गेले. "काका, अर्ज तुमचा आन हरकतबी तुमचीच? ती बिचारी रडून राह्यली तिकडं!"

"मंग?" काका शांत. "माझ्याशिवाय ह्या गावात नकाशा वाचतं कोण? अर्ज माझा हाय म्हणून हरकत सोडून देऊ?"

सुनावणीच्या दिवशी साहेबांनी हरकतदाराला बोलावलं. काका टेबलाच्या डाव्या बाजूला उभे राहिले. "जिन्याच्या कठड्याला सहा-सहा इंचाच्या फटी हायेत. लेकराचं डोकं जातं त्यातून. बिलकुल मंजुरी देऊ नये."

साहेब म्हणाले, "अर्जदाराच्या वतीनं कोण बोलणार?"

काका चालत उजव्या बाजूला गेले, चष्मा लावला. "हरकत बराबर हाय साहेब. कठड्याला जाळी, जिन्याला फाटक. हरकत आल्यावर सुधारित नकाशात दाखवलंय."

साहेबांनी डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं. "हरकतदाराचं समाधान झालं का?"

काका परत डावीकडं गेले, नकाशा नीट वाचला, मान हलवली. "झालं."

हसून हसून सगळ्यांची पोटं दुखली. एकटे काका तेवढे हसले नाहीत. सुनीता मात्र हसता हसता रडत होती.

दिवाळीच्या आत मंजुरी आली. पाळणाघराच्या पहिल्या दिवशी दाराशी नवा नकाशा लावला होता, तो मी पहिल्यांदाच नीट वाचला. जाळी होती, फाटक होतं. आणि दाराबाहेर वरांड्यात एक छोटा चौकोन, त्यात काकांचं मोत्यासारखं अक्षर: 'बाक – १ व्यक्ती'.

"काका, हे कुणासाठी?"

काकांनी उगाच टेप काढला, भिंत मोजली. "लेकरं झोपल्यावर कोणीतरी ध्यान ठिवायला पायजे ना." मग टेप गुंडाळत हळूच म्हणाले, "घरी लई शांत असतं गं पोरी."

बाक अजून सुताराकडंच होता. मी खाली गेले आणि माझं स्टूल घेऊन आले. काकांनी त्याला टेप लावला, नकाशात पाहिलं, पुन्हा टेप लावला.

"चार इंच कमी हाय," म्हणाले. आतून कुठलंतरी लेकरू "आबा" म्हणून ओरडलं.

"चालतंय," काका म्हणाले, आणि बसले.