भिंतीला थर्मामीटर

माणसाला ताप आला की थर्मामीटर लावतात. आमचे शेजारी बाविस्कर सर भिंतीला लावतात. ताप नसला तरी लावतात, दिवसातून सहा वेळा.

धुळ्यात देवपूरला आमची दोन घरं एकमेकांना चिकटून आहेत. मधली भिंत एकच, नऊ इंची, पक्क्या विटांची. मी गवंडी, ती माझ्याच हातची. शाळा म्हणाल तर चौथी, तीही मास्तर कंटाळले म्हणून पास. सर मात्र इंजिनिअरिंगच्या कॉलेजात शिकवून रिटायर झालेले. घरात एकटेच.

रिटायर झाल्या झाल्या त्यांनी त्यांच्या बाजूने भिंतीवर पेन्सिलीने चौकोन आखले. तसेच चौकोन वहीत, आणि प्रत्येकात आकडा. मी म्हटलं, "सर, सोंगट्या कुठंयत?"

"नाना, उष्णता विटांतून कशी सरकते ते काढतोय. अख्खी भिंत एकदम सुटत नाही. म्हणून तिचे तुकडे करायचे. वरचा, खालचा, डावा, उजवा. चार शेजारी, त्यांची बेरीज भागिले चार, तो मधल्याचा आकडा. झालं की पुन्हा पहिल्यापासून. आकडे हलायचे थांबेपर्यंत."

"हे कॉम्प्युटर करत नाही?"

"चुटकीसरशी करतो."

"मग तुम्ही कशाला खोडरबर झिजवता?"

"चुटकीसरशी झालं तर उरलेल्या दिवसाचं काय करू?"

याला शिकलेला माणूस म्हणतात. गल्लीत भांडण होवो, कुणाचं पोर वाया जावो, सरांचं औषध एकच: चार शेजारी, भागिले चार. एकदा मी चिडून म्हटलं, "सर, माझ्या गुडघ्याला कोणते चार शेजारी?" तर वही उघडायला लागले!

एका थंडीत आम्ही मागच्या अंगणात भरीत केलं. जळगावची हिरवी वांगी, बोकडाच्या डोक्याएवढी. बायकोने टोचायला सुरी घेतली, तेवढ्यात सर वही घेऊन हजर.

"अक्का, टोचू नका. वांगं घन पदार्थ धरलंय. माझ्या गणितात भोक नाही. सतरा मिनिटं, बस."

बाराव्या मिनिटाला वांगं फुटलं. अर्धं जाळात, अर्धं सरांच्या सदऱ्यावर. बायको पोट धरून हसली. "वांगाले इचारा ना सर, वहीले काय इचारतस?"

सरांनी चष्म्यावरच्या बिया पुसल्या आणि म्हणाले, "वाफ धरायची राहिली." आणि ते वहीत लिहूनही घेतलं.

पुढे कितीतरी दिवस भाकरी थापता थापता बायको मध्येच एकटी हसायची. गॅस घरात होता, पण भाकरी चुलीवरचीच, असा तिचा हट्ट. पहाटे उठून ती मधल्या भिंतीला लागून असलेली चूल पेटवायची.

ती गेली. तेराव्यापर्यंत नातेवाइकांचे डबे आले. मग सगळे आपापल्या गावी गेले. मी चहा-टोस्टवर आलो. चूल कुणासाठी पेटवायची? पँट ढिली झाली तर सुतळी बांधली.

एक दिवस सर दारात उभे. काखेत वही. "नाना, भिंत गार आहे. महिना झाला."

माझं डोकं फिरलं. "बायको मेली माझी, आणि तुम्ही भिंतीचा ताप मोजताय? चालते व्हा!"

ते हलले नाहीत. "अक्का सहाला चूल पेटवायच्या. ती ऊब विटांतून सरकत सरकत माझ्याकडे यायला अकरा वाजायचे. मी बरोबर अकराला तिथे खुर्ची लावायचो, पाठ टेकून." मग माझ्या कमरेच्या सुतळीकडे बघून म्हणाले, "तुम्ही जेवत नाही आहात, नाना."

त्यांनी वही उघडून पुढे केली. आतले सगळे चौकोन खोडून खोडून कागद काळा झालेला. कडेची एक ओळ मात्र स्वच्छ, तिच्यातल्या आकड्यांना खोडरबर लागलेलंच नव्हतं.

"कडेचे आकडे खरे नसले तर आतलं गणित सगळं चुकतं," सर म्हणाले. "हे अक्कांच्या चुलीचे आहेत. बदलायला पाहिजेत. हात होत नाही."

एवढा शिकलेला माणूस, आणि महिनाभर जाणूनबुजून चुकीचं गणित करत बसला होता.

दुसऱ्या दिवशी सहाला मी चूल पेटवली. धुराने डोळे भरले, बरं झालं, कुणी विचारलंच तर धुराचं नाव सांगता आलं असतं. पीठ सैल झालं. पहिली भाकरी तव्याला चिकटली, दुसरी करपली, तिसरी भाकरीसारखी दिसली. ती झाकून ठेवली आणि भिंतीपाशी बसून राहिलो. विटा माझ्या आहेत. त्या काय घाई करणार नाहीत, हे मला वहीशिवाय ठाऊक होतं.

अकरा वाजून गेले. मग पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि भिंतीवर दोनदा टकटक झाली.

मी ओरडलो, "सर, भाकरी एकच धड आहे. अर्धी अर्धी करू. आणि वही घरी ठेवून या!"