कणकेने बसवलेला नळ

धातूंबद्दल कोकंद शहरात कुणी काही विचारावं आणि ते तुरोब मास्तरांना येऊ नये, असं कधी झालंच नव्हतं. तीस वर्षं तंत्रशाळेत त्यांनी हेच तर शिकवलं होतं! त्यामुळे मुलीला, मुहय्योला, मागणी घालायला बायका येणार म्हटल्यावर त्यांनी जाहीर करून टाकलं, "चहाच्या पाण्याचा समोवार मी पेटवणार!"

मुलगा मुहय्योला मनापासून आवडला होता. ती पडद्याआडून बाबांवर नजर ठेवून राहिली.

"पितळ म्हणजे तांबं अधिक जस्त," मधल्या नळीत निखारे टाकत मास्तर म्हणाले. "नळ जोडलाय कथलाचा डाक देऊन. कथील बिचारं लवकर वितळतं. पण आत पाणी असेपर्यंत डाक हलत नाही!"

"अहो, पण पाणी घातलंत ना?" बायकोने, सनोबरने, विचारलं.

"ते तू घालणार होतीस ना?"

ठण्! नळ फरशीवर पडला. मास्तरांचं म्हणणं तंतोतंत खरं निघालं.

तेवढ्यात पाहुण्या दारात! मास्तरांनी रोटीच्या कणकेचा गोळा भोकात ठासला आणि त्यात नळ खुपसला. कणीक भाजून दगड झाली. मास्तर खूश. आता पाणी भरलं.

मुलाची आई आणि मध्यस्थ होसियत मावशी मानाने बसल्या. पाहुण्याच्या प्याल्यात चहा दोनच घोट घालायचा, म्हणजे पुन्हा पुन्हा वाढता येतो. काठोकाठ भरलेला प्याला म्हणजे 'प्या आणि निघा'. हे कोकंदच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

मास्तरांनी नळ फिरवला. उकळत्या पाण्याने भिजलेली कणीक नळासकट हातात आली! गालिचा वाचवायला मास्तरांनी एकामागून एक प्याले धारेखाली धरले आणि भरतील तसे पाहुण्यांपुढे सारले. सगळे काठोकाठ!

मुलाची आई ताडकन उठली. "कळलं आम्हाला! चला, मावशी."

"अहो, कथील दोनशे बत्तीस अंशांवर वितळतं हो!" मास्तर कळवळून म्हणाले.

"मग आम्ही काय करू?"

पडद्याआडून मुहय्यो धावत आली. लाजणंबिजणं विसरून तिने कणकेने लडबडलेला नळ मावशींच्या नाकासमोर धरला. "तुम्हाला कोण घालवतंय, मावशी! हा बघा, बाबांनी कणकेने चिकटवला होता!"

मावशींनी नळ पाहिला, मास्तरांना पाहिलं आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग मुलाच्या आईचा हात धरून तिला खाली बसवलं आणि रोटी मोडली. म्हणजे सोयरीक पक्की!

"एक अट आहे," त्या म्हणाल्या. "लग्नात मास्तरांनी धातूंवर हवं तेवढं बोलावं. पण बसल्या जागेवरून, समोवारला हात न लावता!"